शेजारी-शेजारी की समांतर? आणि टाइल म्हणजे लादी की कौल?

प्रश्न असा आला आहे: संगणकाच्या पडद्यावर दोन-तीन विंडो एकमेकींना लागून मांडल्या की शिकवणारे 'विंडो समांतर लावा' असे म्हणतात. हे बरोबर आहे का, की सरळ 'टाइल करणे' म्हणावे?

'समांतर' नको. हा शब्द हल्ली कुठेही चिकटवला जातो. समांतर म्हणजे ज्यांच्यामधले अंतर सगळीकडे सारखे राहते ते, जसे रेल्वेचे रूळ. इथे विंडोची कड कडेला टेकलेली असते, मग अंतर कुठले? शिवाय एक विंडो वर आणि एक खाली लावली तरी त्यांच्या कडा समांतरच असतात. म्हणजे जो फरक सांगायचा आहे तोच हा शब्द सांगत नाही. 'शेजारी-शेजारी लावणे' आणि 'खालीवर लावणे' ह्या दोन प्रयोगांत सगळे काम भागते.

'आडव्या लावा, उभ्या लावा' हेही टाळावे. विंडोज एक्सपीत टास्कबारवर उजवी क्लिक केली की 'टाइल विंडोज हॉरिझॉन्टली' असा पर्याय यायचा, आणि तो निवडला की विंडो एकीखाली एक लागायच्या! प्रत्येक विंडो आडवी पसरते म्हणून 'हॉरिझॉन्टली', असा त्यामागचा हिशेब. पण ऐकणारा विंडोचा आकार मनात आणत नाही, रांग कुठल्या दिशेने जाते ते आणतो. त्यानंतरच्या विंडोज विस्टामध्ये ही नावे बदलून 'स्टॅक्ड' आणि 'साइड बाय साइड' अशी केली गेली, ते योग्यच झाले. मराठीत तीच जुनी चूक आडवे-उभे म्हणून पुन्हा कशाला आणायची?

आता 'टाइल'. मध्यंतरी एका भाषांतरात ह्यासाठी 'कौल रचना' असे वाचले आणि फार वाईट वाटले. इंग्रजीत लादी आणि कौल दोघांनाही टाइल म्हणतात हे खरे, पण मराठीने हा फरक जपला आहे, तो भाषांतरकाराने का घालवावा? लादीशेजारी लादी बसते, कुणी कुणावर चढत नाही. कौलाचे उलट. पावसाळ्याआधी घर शाकारताना वरच्या कौलाची कड खालच्या कौलावर यावीच लागते, नाहीतर पाणी आत. 1865 साली बासेल मिशनने मंगळुरात कारखाना काढला आणि मंगळुरी कौले आली, त्यांना तर एकमेकांत अडकायला खाचाच दिलेल्या असतात. तेव्हा पडद्यावरच्या विंडो कौलांसारख्या कधी दिसतात? एकीवर एक सरकवून फक्त माथ्याच्या पट्ट्या दिसतील अशा ठेवल्या की, म्हणजे ज्याला मेनूत 'कॅस्केड' म्हणतात तेव्हा. कौल हा शब्द वापरायचाच असेल तर तिथे वापरा.

पण गंमत अशी की मुळात टाइल म्हणजे कौलच. इंग्रजी टाइल हा शब्द लॅटिन 'तेगुला', म्हणजे छपराचे कौल, ह्यावरून आला, आणि तेगुला 'तेगेरे' म्हणजे झाकणे ह्या क्रियापदापासून. ह्याच कुळातला ग्रीक 'स्तेगोस' म्हणजे छप्पर. 1877 साली जीवाश्मांचे अभ्यासक ओथनील मार्श ह्यांनी एका डायनासोरला 'स्टेगोसॉरस', छपराचा सरडा, असे नाव दिले, कारण त्याच्या पाठीवरच्या हाडाच्या पाट्या कौलांसारख्या सपाट, एकीवर एक बसल्या असतील असे त्यांना वाटले होते. पुढे त्या उभ्या असल्याचे कळले. नाव मात्र राहिले.

आणि संस्कृतात बहुधा ह्याच कुळातला धातू आहे 'स्थग्', म्हणजे झाकणे. 'स्थगित' म्हणजे मुळात झाकलेले. सभा पुढे ढकलणे हा अर्थ नंतरचा. आणि 'स्थग' म्हणजे लबाड, खरे ते झाकून ठेवणारा. त्याचाच आपला ठग! एकोणिसाव्या शतकात ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या स्लीमन ह्या इंग्रज अधिकाऱ्याच्या मोहिमांच्या काळात हा ठग इंग्रजीत चांगलाच रुळला. म्हणजे हे नाते खरे असेल तर इंग्रजीत आज टाइल आणि ठग हे दोन चुलतभाऊ नांदताहेत, एक रोममार्गे आलेला, दुसरा आपल्याकडून गेलेला.

पाश्चात्त्य कोशांत 'स्थग्'च्या ह्या नात्यापुढे 'कदाचित' घातलेले आढळते. आक्षेप 'थ'वर आहे: नियमाने 'स्तग्' असायला हवे होते, महाप्राण कुठून आला? आक्षेपात तथ्य आहे, म्हणून नाते पक्के म्हणता येत नाही; पण तेवढ्याने ते सोडून द्यावे असेही मला वाटत नाही. ग्रीक आणि लॅटिनमध्ये झाकणे, संस्कृतात झाकणे, पुढचा 'ग' तिन्हीकडे जागच्या जागी, हे साम्य दुर्लक्ष करण्यासारखे नाही. हा धातू बोलींच्या संगतीने संस्कृतात शिरला असेल, तर ध्वनिबदलाचे नियम त्याने काटेकोर पाळले नसतील, असा माझा अंदाज आहे.

ह्या मुळाकडे पाहिले की संगणकातला इतिहासही उलटा वाचावा लागतो. 1985 च्या विंडोज 1.0 मध्ये मुख्य विंडो एकमेकींवर येऊच शकत नव्हत्या. लाद्यांसारख्या पडदा वाटून घेत. एकीने दुसरीला झाकायची सोय 1987 च्या दुसऱ्या आवृत्तीत आली. म्हणजे ज्या मांडणीत काहीच झाकले जात नाही तिला झाकण्याच्या धातूवरून आलेले नाव मिळाले, आणि जिच्यात खरोखर झाकाझाक होते तिला धबधब्याचे, म्हणजे 'कॅस्केड'. म्हणून 'टाइल करणे' हे उसने क्रियापद मराठीत मला नकोच आहे. नाम हवेच असेल तर 'लादी मांडणी' घ्या. तिच्यात झाकण्याचा अर्थ कुठेच येत नाही.