बॉक्सर घेतलीस? आधी एवढंच सांभाळ

अभिनंदन! बीएमडब्ल्यू आरएस ही बॉक्सर इंजिनाची मोटारसायकल, म्हणजे तिचे दोन्ही सिलिंडर बाजूंना बाहेर आलेले असतात, हे आधी अंगवळणी पाड. म्हापशाच्या बाजारात स्कूटरसारखी फट शोधू नकोस. सिग्नलला पाय सरळ खाली टेकव. पुढे टाकलास तर नडगी सिलिंडरवर आपटते. सगळे नवखे इथेच मार खातात.

उभ्या गाडीची ॲक्सिलरेटरची मूठ पिळलीस की ती बाजूला डुलते. क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनातला फिरणारा मुख्य दांडा, गाडीच्या लांबीत बसवलाय, म्हणून. बिघाड नाही, घाबरू नकोस.

मागचं चाक चेनऐवजी शाफ्टने, म्हणजे बंदिस्त दांड्याने फिरतं, त्यामुळे आपल्या गोव्याच्या खाऱ्या हवेत चेन गंजायची मोठी कटकट वाचली. ऑइल मात्र सेंटर स्टँडवर, इंजिन बंद करून काही मिनिटांनी इंजिनवरच्या छोट्या काचेतून बघ.

भर पावसात चोर्ला घाट इतक्यात नको. आधी पहाटे करमल घाटातून काणकोणला जाऊन ये. सस्पेन्शनचं नंतर बोलू.