तळे तयार नसेल तर जिरे आणू नका: मत्स्यबीज संगोपनाबाबत आलेल्या प्रश्नांना उत्तरे

पावसाळा तोंडावर आला की भंडारा-गोंदिया भागातल्या मच्छीमार संस्था आणि खासगी तळेवाल्यांकडून एकच तक्रार फिरून फिरून येते. लाखभर जिरे (अंड्यातून नुकतीच निघालेली माशांची पिल्ले) सोडले, वीस दिवसांनी जाळे ओढले आणि हाती इंचभराचे चार-पाच हजार बी लागले. पुढे प्रश्न ठरलेला: "बी खराब होते का साहेब?"

बी क्वचितच खराब असते. बहुतेक वेळा तळेच तयार नसते. जिरे विकणाऱ्या एजंटचा फोन येतो, "उद्या गाडी येतेय, घ्यायचे तर आत्ता सांगा", आणि तुम्ही हो म्हणता. त्याच्याकडे माल आहे म्हणून तो फोन करतो. तुमच्या तळ्यात खाद्य तयार आहे की नाही याच्याशी त्याला देणेघेणे नाही. आधी तळे तयार करा, मग जिऱ्याची तारीख घ्या.

तळ्याची तयारी किती दिवस आधी सुरू करायची?

उन्हाळ्यात तळे पूर्ण आटून भेगा पडल्या असतील तर अर्धे काम झाले. तळाशी पाणी राहत असेल तर मरळ, शिंगी, वाम असे जिरे खाणारे मासे तिथे दबा धरून असतातच. अशा तळ्यात जिरे सोडण्याच्या १५ ते २० दिवस आधी मोहाची पेंड टाका. १० गुंठ्यांच्या, मीटरभर पाण्याच्या तळ्याला २५० किलो लागते. आपल्या भागात मोहाला तोटा नाही, तरी लोक दुकानातून शेतीचे कीटकनाशक आणून ओततात. ते करू नका. मोहाच्या पेंडीचा विषार पंधरवड्यात उतरतो आणि तिचेच खत होते. कीटकनाशक मात्र चिखलात किती दिवस राहील हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. पेंडीने मेलेले मासे जाळ्याने काढून घ्या.

आठवडाभर आधी १० गुंठ्यांना २० ते ३० किलो चुना. जिरे येण्याच्या दोन-तीन दिवस आधी खताचा पहिला हप्ता: ३७ किलो शेंगदाणा पेंड, १० किलो शेण आणि अडीच किलो सिंगल सुपर फॉस्फेट, पाण्यात कालवून दाट लगदा करून तळ्यात सगळीकडे फेकायचा. एवढाच माल दुसऱ्यांदा लागतो, पण तो जिरे सोडल्यानंतर, दोन-तीन हप्त्यांत, पाण्याचा रंग बघून. सगळे एकदम टाकू नका. मोहाची पेंड वापरली असेल तर वरून कच्च्या शेणाच्या गाड्या रिकाम्या करू नका. दुकानदार सांगेल "डबल टाका, पाणी लवकर हिरवे होईल". पाणी हिरवे होईल आणि पहाटे जिरे पाण्यावर तोंड काढून मरतील.

पाणी तयार झाले हे ओळखायचे कसे?

नुसता हिरवा रंग बघून नाही. काचेच्या ग्लासात तळ्याचे पाणी घ्या आणि उन्हाकडे धरा. बारीक पांढुरके ठिपके उड्या मारत, गिरक्या घेत फिरताना दिसले पाहिजेत. जिऱ्याचे पहिले जेवण ते आहे. प्लँक्टनची (हे बारीक जीव गाळून घ्यायची) जाळी असेल तर ५० लिटर पाणी गाळा. तळाशी दीड-दोन मिलि साका बसला तर काम झाले. जाळी नसेल तर संस्थेने एक घ्यावी. 'ग्रोथ टॉनिक'ची बाटली घ्यायला पैसे असतात, जाळीला नसतात.

किड्यांसाठी रॉकेल टाकावे का?

या प्रश्नावर थोडे थांबतो, कारण सर्वांत जास्त नुकसान इथे होते आणि ते डोळ्यांना दिसत नाही. पाठीवर उलटा पोहणारा तो काळपट किडा, पाणविंचू, चतुराची अळी हे सगळे जिरे पकडून खातात. मेलेले जिरे तरंगतही नाही, त्यामुळे तळ्यात सगळे ठीक आहे असेच वाटत राहते. पाणी भरून आठवडा झाला की किडे उडत येऊन वस्ती करतात. म्हणून तळे महिनाभर आधी भरून ठेवू नका.

उपाय जुना आणि स्वस्त आहे, साबण-तेल. १० गुंठ्यांना १ किलो ८०० ग्रॅम कपड्याचा साधा साबण पाण्यात विरघळवा. त्यात साडेपाच किलो स्वस्तातले खाद्यतेल घालून दुधासारखे होईपर्यंत घुसळा. वारा पडलेला असताना पाण्यावर सगळीकडे शिंपडा. पाण्यावर तेलाचा थर बसतो आणि श्वासाला वर येणारा किडा मरतो. वारा असेल तर थर एका काठाला जमा होतो आणि तेल फुकट जाते. हे काम जिरे सोडण्याच्या १२ ते २४ तास आधी करायचे. चार दिवस आधी केले तर किडे परत येतात, जिरे सोडल्यावर केले तर जिरेही जाते. रॉकेलनेही किडे मरतात, पण हाताशी साबण-तेल असताना मी रॉकेल सुचवत नाही. माझ्या पाहण्यातल्या ज्या तळ्यांनी साबण-तेल वेळेवर केले, त्यांना बी मिळाले. बाकी काही जमले नाही तरी एवढे तरी करा.

खाद्य किती? एजंट म्हणतो पोटभर घाला.

त्याला खाद्यही विकायचे असते. शेंगदाणा पेंड आणि तांदळाचा कोंडा समसमान, वस्त्रगाळ. पहिले पाच दिवस लाख जिऱ्यांमागे रोज ६०० ग्रॅम, त्यानंतर १ किलो २०० ग्रॅम. संपला हिशोब. वाढवू नका. पहाटे जिरे वर येत असेल तर त्या दिवशी खाद्य बंद, खत बंद, ताजे पाणी सोडा. 'ऑक्सिजनच्या गोळ्या' खिशातून काढणाऱ्याला आधी विचारा, खाद्य थांबवायला सांगितले का?

१० गुंठ्यांत ३ ते ५ लाख जिरे, त्याहून जास्त नाही. नर्सरीत, म्हणजे जिऱ्याच्या या पहिल्या तळ्यात, एकाच जातीचे जिरे ठेवा. कटला, रोहू, मृगळ एकत्र करायचे ते पुढच्या संवर्धन तळ्यात. सगळे नीट केले तर १५ ते २० दिवसांत इंचभराचे बी होते आणि निम्मे हाती लागणे शक्य आहे. "नव्वद टक्के गॅरंटी" देणाऱ्याकडून घेऊ नका.

जिरे घेताना काय बघायचे?

अंड्यातून निघून तीन दिवस झालेले असावे, पोटाची पिवळी पिशवी संपलेली. त्याआधीचे वाटेत मरते. मोजणी तुमच्या समोर करून घ्या; १ मिलि मापात साधारण ५०० बसतात, तेव्हा लाखाला २०० मिलि धरा. पिशवी तळ्यात १५-२० मिनिटे तरंगू द्या, मग तळ्याचे पाणी थोडे थोडे आत घेऊन सोडा. वेळ सकाळची किंवा संध्याकाळची. दुपारी दोनला गाडी आली तरी सावलीत थांबवा.

आमच्या हॅचरीत (बीजोत्पादन केंद्रात) मासे अंड्यावर आणायचे ओवाप्रिम इंजेक्शन किलोमागे १ मिलि द्या असे विक्रेता सांगतो.

नको. मादीला किलोमागे रोहू ०.३ ते ०.४, कटला ०.४ ते ०.५, मृगळ ०.२५ ते ०.३ मिलि, नराला ०.१ ते ०.२. मात्रा वाढवून अंडी वाढत नाहीत. मादी पिकलेली नसेल तर कितीही दिले तरी ती अंडी सोडणार नाही.

अनुदान?

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत नर्सरी-संवर्धन तळ्यासाठी हेक्टरी ७ लाख खर्च धरून सर्वसाधारण गटाला ४० टक्के, अनुसूचित जाती-जमाती व महिलांना ६० टक्के. सध्या अर्ज सुरू आहेत का हे जिल्ह्याच्या सहायक आयुक्त मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा, दलालाला नाही.

इंचभराचे बी थेट मामा तलावात (जुन्या माजी मालगुजारी तलावात) सोडले तर?

तिथल्या मरळीचे पोट भरेल. संवर्धन तळ्यात हेक्टरी २ ते ३ लाख ठेवून दोन-तीन महिने वाढवा. बोटुकली (बोटाएवढे बी) ८ ते १० सेंटिमीटरची झाली की मगच मोठ्या तलावात सोडा. पकडायच्या आदल्या दिवशी खाद्य देऊ नका, भरल्या पोटी बोटुकली पिशवीत टिकत नाही.