कॅरव्हॅनचं वजन गाडीला झेपेल का?

प्रश्न : मुलगा इंग्लंडात लीड्सला असतो. जुलैत आम्ही दोघं तिकडं जाणार आहोत. सून आणि आठ वर्षांची नात धरून पाच जण होतो. फिरण्यासाठी त्यानं गाडीमागं जोडायची जुनी कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरचं छोटं घर, बघितली आहे. विकणारा म्हणतो, "गाडीची ओढायची मर्यादा 1500 किलो, कॅरव्हॅन भरून 1400. शंभर किलो शिल्लक आहेत, बिनघोर न्या." मुलानं आजवर साधी ट्रॉलीसुद्धा ओढलेली नाही. दोन्हींच्या कागदांची झेरॉक्स सोबत जोडली आहे. तुम्ही उद्यमनगरात ट्रॉल्या बांधल्यात, म्हणून विचारतो.
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : इसार दिला नसेल तर आजच फोन करून थांबवा. ही जोडी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

विकणाऱ्यानं सांगितलेला आकडा खोटा नाही, पण तो एकटा पुरत नाही. 1500 किलो ही कंपनीची मर्यादा आहे. युरोपातल्या नियमाप्रमाणे शंभर मीटरला बारा मीटर चढ असलेल्या रस्त्यावर पाच मिनिटांत पाच वेळा थांबून पुन्हा निघता आलं पाहिजे, त्यावर ती ठरते. म्हणजे गाडी ओढेल एवढंच त्यातून कळतं. मागचं धूड उतारावर, वळणावर, शेजारून मोठा ट्रक गेल्यावर गाडीच्या ताब्यात राहील का, हे त्यातून कळत नाही.

त्यासाठी ब्रिटनमध्ये वेगळा हिशेब धरतात. कॅरव्हॅनचं भरलेलं कमाल वजन गाडीच्या रिकाम्या वजनाच्या 85 टक्क्यांच्या आत ठेवावं, निदान नवख्यानं तरी. हा कायदा नाही, जाणत्यांचा सल्ला आहे. मुरलेला माणूस 100 टक्क्यांपर्यंत जातो, त्यापुढं त्यानंही जाऊ नये. तुमच्या गाडीचं वजन 1480, त्याचे 85 टक्के 1258 होतात. 1400 ची कॅरव्हॅन जवळजवळ 95 टक्क्यांवर जाते, आणि मुलगा पहिल्यांदाच ओढणार आहे.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. गाडीवरच्या कंपनीच्या पाटीवर, गाडी आणि मागचं जोडून, एकूण वजनाची मर्यादा 3150 किलो छापली आहे. आता बेरीज करा. गाडी 1480, त्यात चालक धरलेला आहे. तुम्ही दोघं, सून आणि नात मिळून 220 धरू. डिकीत 100 किलो सामान. झाले 1800. त्यात कॅरव्हॅनचे 1400 मिळवले की 3200. पन्नास किलो जास्त! ही मर्यादा मात्र सल्ला नाही, ती ओलांडली तर गुन्हा होतो. विकणाऱ्यानं माणसं मोजलीच नव्हती.

आता भार कुठं ठेवायचा ते सांगतो, कारण वजन बरोबर असूनही इथं चूक होते. मी बारा-तेरा वर्षांचा असताना वडणग्याला आमच्या बैलगाडीत खताची पोती मागच्या टोकाला रचली. सोपं पडतं म्हणून. गाडी हलली आणि उलाळ झाली. जू वर उचललं, जुपण्यांनी दोन्ही बैलांचे गळे आवळले. वडिलांनी धावत येऊन पुढच्या दांडीला लोंबकळून ती खाली आणली. ते बैलांचे डोळे मी अजून विसरलो नाही. पुढं चौतीस वर्षं ट्रॉल्या बांधताना हूक आणि आस यांच्यातलं अंतर मी दर वेळी स्वतः मोजलं, ते त्याच दिवसामुळं.

कॅरव्हॅनचंही तेच आहे. मागं भार गेला की पुढचा हूक गाडीची मागची बाजू उचलायला बघतो आणि वेगात कॅरव्हॅन सापासारखी वळवळायला लागते. म्हणून भरलेल्या वजनाच्या 5 ते 7 टक्के भार हुकावर पडला पाहिजे. तुम्हाला चालेल अशा 1250 किलोच्या कॅरव्हॅनला तो 62 ते 88 किलो येतो. तुमच्या गाडीच्या हुकाची मर्यादा 75 आहे, तेव्हा 70-75 वर ठेवा. जड सामान आसाच्या वर, खाली जमिनीवर. वरच्या कप्प्यांत कपडे, पांघरुणं. पाण्याची टाकी रिकामी न्या, चाळीस लिटर म्हणजे चाळीस किलो. वहिनी कांदा-लसूण मसाल्याचे डबे आणि खलबत्ता नेणार असतील तर जरूर न्यावा, पण मागच्या कपाटात नको. हुकाखालच्या भाराचा काटा तिकडं विकत मिळतो.

तरी वळवळ सुरू झालीच तर? ब्रेकवर उभं राहायचं नाही. ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरून वेग आपोआप उतरू द्यायचा. हे त्याला आधीच दोन-तीनदा सांगून ठेवा, त्या क्षणी आठवायला वेळ नसतो. झोका आवरणारा हूक मिळतो, तो चांगलाच, पण जास्तीचं वजन त्यानं कमी होत नाही. कॅरव्हॅन जोडली की मोटरवेवर ताशी 60 मैल आणि मधे दुभाजक नसलेल्या साध्या रस्त्यावर 50 मैल ही वेगाची मर्यादा आहे. चालत्या कॅरव्हॅनमध्ये कुणालाही बसू देत नाहीत, नात कितीही हट्ट करू दे. कारच्या लायसनवर ब्रिटनमध्ये डिसेंबर 2021 पासून 3500 किलोपर्यंत ओढता येतं, वेगळी परीक्षा लागत नाही.

मुलाला सांगा, कमाल वजन 1250 च्या आत असलेली कॅरव्हॅन शोध. आणि तिचं रिकामं वजनही विचार, कारण त्या दोन आकड्यांमधल्या फरकात तुमचं सगळं सामान बसवायचं आहे. दीडशे किलो फरक म्हणजे खुर्च्या, तंबू, गॅस, भांडी यांतच संपतो. घेतल्यावर पहिल्याच प्रवासाआधी सगळं भरून, माणसं बसवून, जवळच्या वजनकाट्यावर न्यावी. आपल्याकडं ऊस घालताना काट्याशिवाय कुणी पावती मानत नाही. तिथंही काट्याची चिठ्ठी हातात आल्याशिवाय मोटरवेला लागू नका.