मराठवाड्यात कोळसाखाणी नाहीत. तरी खाणींपासून नद्या आणि वन्यजीव वाचवायला इथल्या माणसाला काही करता येईल का?

येईल की. मी किनवटकडचा. आमची पैनगंगा पुढे वणी-घुग्घुसच्या कोळसापट्ट्यात वर्धेला मिळते. म्हणजे खाणींचं पाणी आपल्याकडे येत नाही. ते वर्धेतून प्राणहितेत आणि तिथून तेलंगणाच्या हद्दीवर गोदावरीत जातं. नांदेडची गोदावरी त्यातून सुटली.

वाघ मात्र उलटे, आपल्याकडे येतात. यवतमाळ जिल्ह्यातलं टिपेश्वर अभयारण्य जेमतेम १४८ चौरस किलोमीटरचं. वयात आलेला वाघ तिथून बाहेर पडणारच, आणि पूर्वेला गेला तर वणीच्या खाणी. २०१९ मध्ये तिथला एक वाघ बहुतेक रात्रीचा चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत गेला. डिसेंबर २०२४ मध्ये दुसरा थेट धाराशिवच्या येडशी रामलिंग घाटात कॅमेऱ्यात सापडला. असा वाघ दिवसा लपतो तो नदी-नाल्याच्या काठच्या झाडोऱ्यात. म्हणून पाण्याचा आणि वाघाचा प्रश्न मी वेगळा धरत नाही.

खाणीपाशी नेमकं काय बिघडतं? माझे मामा वणीकडे असतात, त्यामुळे हे जवळून पाहिलंय. उघड्या खाणीत कोळशावरची माती-दगड काढून बाजूला ढीग घालतात, टेकडीएवढे. पहिल्या मोठ्या पावसात त्या ढिगाला घळी पडतात आणि राखाडी चिखल नाल्यात उतरतो. नाला नुसता गढूळ होऊन थांबत नाही, त्यातले डोह बुजतात. मामी म्हणते, "मासा कुठचा दिसते आता, गाळच येऊन राहिला." उन्हाळ्यात जनावर पाण्याला यायचं ते याच डोहांवर.

यावरचा उपाय काही रॉकेट उडवण्याइतका अवघड नाही. ढिगाच्या पायथ्याशी भिंत, भोवती चर, चराचं पाणी गाळ बसायच्या टाक्यांत, आणि मगच नाल्यात. नाल्यात सोडायच्या पाण्यात लिटरमागे १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त गाळ नको, असा नियमही आहे. पण टाकीच गाळाने भरलेली असेल तर पाणी आलं तसं निघून जातं. त्यामुळे खाणवाले झाडं लावल्याचे फोटो दाखवतात तेव्हा मी विचारतो, टाकीतला गाळ शेवटचा कधी उपसला? जूनच्या आधी की नंतर?

हे तुम्हीही विचारू शकता. पर्यावरण मंजुरी मिळालेल्या प्रकल्पाला अटी पाळल्याचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो, तो मागवून वाचा. कंटाळवाणा असतो, पण "काम प्रगतीपथावर" हे वाक्य सलग तीन अहवालांत दिसलं की काय ते समजतं. नवी खाण किंवा विस्तार असेल तर जनसुनावणीची नोटीस किमान ३० दिवस आधी निघते. लेखी हरकत घ्यायला त्याच गावचं असावं लागत नाही, संबंध दाखवता आला पाहिजे. वाघाचा मार्ग हा तो संबंध. ताडोबाजवळचा बंदर कोळसापट्टा २०२० मध्ये लिलावातून वगळला गेला तो विरोधामुळेच.

आता घरचं. कोळसा आपल्याकडे येतो तो परळीच्या औष्णिक वीज केंद्रात, जळायला. देशी कोळशात साधारण ३० ते ४५ टक्के राखच असते. त्यात हे केंद्र गोदावरीच्या पाण्यावर चालतं; २०१३ आणि २०१५ च्या दुष्काळात पाण्याअभावी बंदच पडलं होतं. राखेचा शंभर टक्के वापर व्हावा असा २०२१ चा नियम आहे. तरी कुठे नाल्याकाठी राख ओतलेली किंवा ताडपत्री न टाकता गाडी जाताना दिसली, तर फोटो, जागा आणि तारीख लिहून प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात अर्ज द्या. फोनवर सांगू नका. आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. आवक क्रमांक नसला की असा अर्ज आलाच नाही म्हणायला साहेब मोकळे.