दावा चालू असताना वकील बदलता येतो का?

प्रश्न : माझा घटस्फोटाचा अर्ज ठाण्याच्या कौटुंबिक न्यायालयात दोन वर्षांपासून चालू आहे. वकीलसाहेब फोन उचलत नाहीत. तारखेला त्यांचे सहायक येतात आणि पुढची तारीख घेऊन परततात. आता माझी उलटतपासणी तोंडावर आली आहे. वकील बदलण्याचा विषय काढला, तेव्हा ‘राहिलेली फी द्या, मगच नाहरकत आणि कागद मिळतील’ असे उत्तर मिळाले. दावा पुन्हा पहिल्यापासून चालवावा लागेल का?
– एक वाचिका, घोडबंदर रस्ता, ठाणे

उत्तर : नाही. आतापर्यंत दाखल झालेली शपथपत्रे, नोंदवलेला पुरावा आणि झालेले आदेश कायम राहतात आणि काम थांबले तेथूनच पुढे चालते. मात्र तोंडी सांगून वकील बदलत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३, नियम ४ प्रमाणे आपण किंवा वकिलांनी सहीनिशी लेखी देऊन, न्यायालयाच्या परवानगीने ते संपवेपर्यंत जुने वकीलपत्र अमलात राहते. नव्या वकिलांनी जुन्यांची नाहरकत घ्यावी, अशी बार कौन्सिलच्या नियमांची अपेक्षा आहे. पण ती अडवून धरली गेली, तर नवे वकील कारणे नमूद करून न्यायालयाकडे परवानगी मागू शकतात. शिवाय कौटुंबिक न्यायालय अधिनियम, १९८४ च्या कलम १३ नुसार तेथे वकिलामार्फत उभे राहणे हा पक्षकाराचा हक्क मानलेला नाही, त्यामुळे नव्या वकीलपत्रासोबत तशा परवानगीचा अर्जही द्यावा.

फीसाठी कागद अडवून ठेवता येत नाहीत. आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली हे स्पष्ट केले आणि असे कागद अडवणे हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. खरोखर फी देणे असेल, तर ती वसूल करण्याचा वेगळा मार्ग वकिलांना खुला आहे. आपण कागदांची मागणी लेखी करावी, पोच ठेवावी आणि तोवर नक्कल अर्ज देऊन न्यायालयाकडून प्रमाणित प्रती घ्याव्यात.

त्या प्रतींत रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला न्यायालयात काय झाले याची नोंद, अवश्य मागावा, आणि निर्णयही तो वाचूनच घ्यावा. तारखा समोरच्या पक्षाने मागितल्या असतील किंवा न्यायाधीश रजेवर असतील, तर तो दोष आपल्या वकिलांचा नाही, आणि नवे वकील आले तरी त्या तारखा तशाच पडणार. (फोन न उचलणे मात्र रोजनाम्यात दिसत नाही, हे मान्य.) दोष त्यांचाच दिसला, तर बदल उलटतपासणीपूर्वी करावा, कारण ती अर्ध्यावर असताना आलेल्या वकिलांना आपण आधी काय कबूल केले, हे केवळ कागदावरून समजून घ्यावे लागते. नव्या वकिलांना वाचनासाठी एक तारीख लागेल आणि समोरचा पक्ष त्याला हरकत घेईल, हे गृहीत धरून त्यांना आताच भेटावे.

नवी फी परवडत नसेल, तर विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी ठाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा, आणि त्यात उलटतपासणीची तारीख ठळक लिहावी.