मधुमेह असताना बाळाचा विचार: नाव नोंदवण्याआधीचे आठवडे

‘दिवस राहिल्याचे कळले की त्याच दिवशी शुगरच्या गोळ्या बंद करीन, म्हणजे बाळाला औषध बाधणार नाही,’ हे तुमच्या प्रश्नातले वाक्य वाचले आणि उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही. सहा वर्षांपूर्वी मी नेमके हेच केले होते. तुमच्यासारखाच मला आधीपासून टाइप २ मधुमेह होता आणि तुमच्या ८.४ च्या आसपासच माझे एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची सरासरी दाखवणाऱ्या तपासणीचा आकडा, होता. मी डॉक्टर नाही. औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांनीच घ्यायचा आहे, हे आधी सांगते.

पाळी चुकून आठवडा झाला तेव्हा मी एका दवाखान्यात फोन केला. मधुमेह आहे हे सांगूनही उत्तर मिळाले, ‘तीन महिने भरू द्या, मग नाव नोंदवायला या, तोपर्यंत कोणतीही गोळी घेऊ नका.’ मी ते निमूटपणे मानले. घरातही तीन महिने कोणाला सांगायचे नाही अशी पद्धत, त्यामुळे विचारायचे तरी कोणाला? पुढचे सात आठवडे मी गोळ्यांशिवाय, दोन जिवांचे म्हणून आग्रहाने वाढलेले जेवण जेवत काढले. नाव नोंदवले त्या दिवशी एचबीएवनसी ९.६ होते.

त्या सात आठवड्यांत काय घडून गेले, हे मला नंतर समजले. ज्या नळीपासून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात, ती गर्भधारणेपासून सुमारे २८ दिवसांत, म्हणजे पाळी चुकल्यावर दोनच आठवड्यांत मिटते. हृदयाचे कप्पे आठव्या आठवड्यापर्यंत बहुतांशी वेगळे झालेले असतात. आईच्या रक्तातली साखर गर्भापर्यंत पोहोचते, पण इतक्या लहान गर्भाकडे ती आवरायला स्वतःचे इन्सुलिन नसते. जादा साखरेमुळे पेशींवर ऑक्सिडेटिव्ह ताण, म्हणजे ऑक्सिजनच्या घातक कणांचा मारा, येतो आणि अवयवांची घडण ठरवणाऱ्या जनुकांचे काम बिघडते. उंदरांवरील प्रयोगांत पॅक्स३ या जनुकाबाबत हे दिसले आहे. एरवी १०० पैकी २ ते ३ बाळांमध्ये मोठे जन्मदोष आढळतात. आईला आधीपासून मधुमेह असेल तर हे प्रमाण साधारण दुप्पट ते चौपट होते आणि साखर जितकी जास्त तितका धोका वाढतो. हृदयाचे आणि मज्जारज्जूचे दोष त्यात अधिक. कण्याचा खालचा भाग नीट न घडणे हा विकार एरवी अतिशय दुर्मीळ, पण मधुमेही मातांच्या बाळांत तुलनेने जास्त आढळतो.

माझ्या मुलाच्या हृदयात, खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र होते. तो सात महिन्यांचा असताना त्याची शस्त्रक्रिया झाली, आज तो शाळेत जातो. ते छिद्र माझ्या साखरेमुळेच पडले असे कोणीही खात्रीने सांगू शकत नाही, आणि मधुमेह असलेल्या बहुसंख्य मातांची बाळे निरोगी जन्मतात, हेही तितकेच खरे आहे. तरीही मधुमेही बाईला ‘तीन महिन्यांनी या’ असे सांगणे मला अक्षम्य वाटते. सातव्या महिन्याच्या सुमारास पहिल्यांदा उद्भवणाऱ्या गरोदरपणातल्या मधुमेहाचा प्रश्न निराळा असतो, कारण तोवर अवयव घडून झालेले असतात. तुमची आणि माझी गोष्ट तशी नाही.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की एचबीएवनसी ६.५ च्या खाली येईपर्यंत गर्भनिरोधन सुरू ठेवा, सासरी कोणी कितीही घाई केली तरी. ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते, त्यामुळे तयारीला तेवढे महिने लागतातच. अंगात लोह कमी असेल तर हा आकडा खोटा वाढलेला दिसू शकतो, तेव्हा हिमोग्लोबिनही पाहून घ्या. फॉलिक अ‍ॅसिड दिवस राहण्याआधीपासून लागते आणि मधुमेहात बहुधा ५ मिलिग्रॅमचा मोठा डोस देतात, पण तो डॉक्टरांनी लिहून दिला तरच घ्या. गोळ्यांची सगळी यादी आत्ताच दाखवा: रक्तदाबावरच्या एसीई इनहिबिटर गटातल्या गोळ्या आणि कोलेस्टेरॉलवरच्या स्टॅटिन आधीच बदलाव्या किंवा थांबवाव्या लागतात, तर मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी पुष्कळदा चालू ठेवतात किंवा तिच्या जागी इन्सुलिन देतात. साखर मोकळी सोडणे हा पर्याय यांपैकी कशातच नाही.

तुम्ही फक्त उपाशीपोटीची साखर लिहिली आहे आणि ती ठीक आहे असे म्हटले आहे. माझीही ती ठीकच असायची. जेवणानंतर तासाभराने मोजल्यावर खरे आकडे दिसले, आणि ज्वारीच्या भाकरीनेही साखर वाढते हे तेव्हा कळले. दुसऱ्या खेपेस चार महिने आधी इन्सुलिन सुरू केले, दिवस राहिले तेव्हा एचबीएवनसी ६.३ होते, आणि विसाव्या आठवड्यानंतर बाळाच्या हृदयाची वेगळी सोनोग्राफी, म्हणजे फीटल इको, मी स्वतः मागून करून घेतली. तिच्यात दोष आढळला नाही. आठवडाभराच्या जेवणानंतरच्या नोंदी इथे लिहा, मी माझ्या त्या वेळच्या नोंदवहीतले आकडे शेजारी ठेवून सांगते.