इंदुरातले साडेसहा तास

प्रश्न : पुढच्या महिन्यात एका मंगळवारी मी पुण्याहून इंदूरमार्गे जोधपूरला जाणार आहे. बरोबर ७१ वर्षांच्या सासूबाई असतील. आमचे विमान इंदूरला दुपारी १२.४० ला उतरते आणि पुढचे विमान सायंकाळी ७.१० ला सुटते. आम्ही दोघींनीही इंदूर पाहिलेले नाही. उज्जैनला महाकालाचे दर्शन व्हावे अशी सासूबाईंची इच्छा आहे आणि मला सराफ्यातल्या खाऊगल्लीची ओढ आहे. साडेसहा तासांत दोन्ही जमेल का?
— एक वाचिका, पुणे

उत्तर : दोन्हींपैकी एकही जमणार नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे उरलेल्या वेळाचा विचार मोकळेपणाने करता येईल. उज्जैन इंदूरपासून सुमारे ५५ किलोमीटरवर आहे. जाण्यायेण्यातच तीन तास मोडतात आणि महाकालाच्या रांगेला किती वेळ लागेल, हे त्या रांगेत उभा असलेला माणूसही सांगू शकत नाही. घड्याळाकडे पाहत घेतलेल्या दर्शनाने सासूबाईंचे समाधान होईल असे मला वाटत नाही. सराफ्याची अडचण वेगळी आहे. दिवसा तो सोन्याचांदीचा बाजार आहे आणि तिथली खाऊगल्ली रात्री नऊच्या सुमारास, सराफांची दुकाने बंद झाल्यावर, त्यांच्याच पायऱ्यांपुढे मांडली जाते. बाहेरगावचे पाहुणे दुपारी तीनला सराफ्यात येऊन भुट्ट्याचा (मक्याचा) कीस कुठे मिळेल असे विचारतात, तेव्हा आम्हा इंदूरकरांना हसावे की वाईट वाटून घ्यावे, हे कळत नाही.

आता वेळेचा हिशेब सुटण्याच्या वेळेपासून मागे करत या. देशांतर्गत विमानाचा सामान घेण्याचा काउंटर साधारणपणे सुटण्याच्या एक तास आधी बंद होतो (नेमकी वेळ आपल्या विमान कंपनीकडून पाहून घ्यावी), म्हणजे ६.१० ही शेवटची मर्यादा झाली. वयस्कर माणूस बरोबर असताना पाच वाजता विमानतळाच्या दारात असणे शहाणपणाचे. उतरून, सामान घेऊन बाहेर पडेपर्यंत दीड वाजेल. हातात उरतात ते साडेतीन तास, आणि त्यांतूनही सव्वा तास रस्त्यावर जाईल.

सामानाचा प्रश्न तिकिटावर अवलंबून आहे. दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर असतील, तर पुण्याच्या काउंटरवरच बॅगांना जोधपूरचा टॅग लावता येतो का, हे विचारून घ्यावे. तसे झाले तर आपण मोकळ्या हातांनी बाहेर पडू शकता. तिकिटे वेगवेगळी असतील, तर बॅगा इथे घेऊन पुन्हा द्याव्या लागतील आणि पहिले विमान उशिरा आल्यामुळे दुसरे चुकले, तर त्याची जबाबदारीही सहसा कोणी घेत नाही. अशा वेळी तासांच्या हिशेबाने टॅक्सी ठरवावी आणि बॅगा तिच्या डिकीत ठेवाव्यात. मात्र औषधे, ओळखपत्रे व पैसे स्वतःजवळ असावेत आणि गाडीचा क्रमांक मोबाइलवर टिपून घ्यावा.

माझा सल्ला असा की, एकच रस्ता धरावा. देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ शहराच्या पश्चिमेला आहे आणि तिथून होळकरांचा राजवाडा सुमारे आठ किलोमीटरवर. आधी थेट राजवाड्यापर्यंत जावे आणि वाटेतली ठिकाणे परतताना पाहावीत, कारण परतीच्या वाटेवर विमानतळ जवळ येत जातो आणि वेळ कमी पडला तर एखादे ठिकाण गाळता येते. उलट क्रमाने गेलात, तर सर्वांत दूरच्या टोकाला असताना घाई सुरू होते.

राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी आहेत. १९८४ च्या आगीत वाड्याचा मोठा भाग जळाला आणि नंतर तो पुन्हा उभारला गेला. समोरच्या बागेत अहिल्याबाईंचा पुतळा आहे. सासूबाईंना जिने चढवत नसतील, तर त्यांना त्या बागेत सावलीला बसवावे. तिथून दिसणारा दर्शनी भागच खरे पाहण्यासारखा आहे. तिथून जवळच कान्ह नदीकाठी कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, म्हणजे होळकर घराण्यातल्यांची स्मारके, आहेत. त्यांतल्या एका छत्रीत महाराणी कृष्णाबाईंची स्मृती आहे, तर बाकीच्या तुकोजीराव दुसरे आणि शिवाजीराव होळकर यांच्या आहेत. नदीकडे फार निरखून पाहू नये, छत्र्यांवरचे कोरीवकाम मात्र जरूर पाहावे. पाय दुखत नसतील, तर इतवारिया बाजारातले काच मंदिरही जवळ आहे. सेठ हुकुमचंद यांनी बांधवलेल्या या जैन मंदिरात भिंती, खांब, छत आणि जमीनही काचेच्या तुकड्यांनी मढवलेली आहे. लालबाग राजवाडा मला स्वतःला फार प्रिय आहे, पण तो या फेरीत बसवू नये. त्याला घाईत उरकणे योग्य नाही.

खाण्यासाठी पुष्कळ जण छप्पन दुकान या खाऊगल्लीचे नाव सांगतील. ती राजवाड्याच्याही पुढे, पूर्वेला न्यू पलासियात आहे. म्हणजे तेवढ्यासाठी भर शहर ओलांडून जायचे आणि ओलांडून परत यायचे. त्यापेक्षा राजवाड्याच्या आसपास कचोरी खावी. इंदुरी शिकंजी दिसली तर अवश्य प्यावी, फक्त ती लिंबाचे सरबत समजून मागवू नये. ती दाट, गोड आणि दुधाची असते. पोहे-जलेबी हा इथला सकाळचा खुराक आहे, दुपारी मिळाले तरी त्यात ती मजा नसते.

परतताना विमानतळाच्या रस्त्यावर बडा गणपती लागतो. सुमारे २५ फूट उंचीची ही मूर्ती पाहून सासूबाईंची महाकालाची हुरहूर थोडी तरी कमी व्हावी. इथे नारळ वाढवलात, तर तो तिथेच वाटून टाकावा: नारळ हातातल्या सामानात सुरक्षा तपासणीत अडवतात आणि सुके खोबरे ज्वालाग्राही म्हणून चेक-इन सामानातही चालत नाही. शेव मात्र खुशाल न्यावी. तरीही वेळ उरला, तर विमानतळाजवळच्या बिजासन टेकडीवर देवीच्या देवळात बसता येईल.

पुण्याचे विमान तासाहून अधिक उशिरा आले, तर राजवाडा सोडून द्यावा आणि फक्त बडा गणपती व बिजासन एवढेच करावे.

प्रश्न : आमचा थांबा इंदूरला रात्री ९ ते पहाटे ६ असा आहे. विमानतळावरच बसून राहावे का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : मुळीच नाही. वरच्या वाचिकेला जो सराफा नाकारला, तो आपल्यासाठीच आहे. सामान राजवाड्याजवळच्या हॉटेलात टाकून दहाच्या सुमारास निघावे. भुट्ट्याचा कीस आणि दहीवडा घ्यावा; हिवाळा असेल तर तळलेला गराडू हा कंदही. एकेक पदार्थ दोघांत मिळून मागवला, तर चार दुकाने होतात. साडेअकरापर्यंत हॉटेलात परतावे आणि पहाटे चारची टॅक्सी रात्रीच सांगून ठेवावी.